भिगवणची दुर्बीण कोणी बिघडवली?

विद्यार्थी मित्रहो, समजा, जानेवारीतल्या एका सकाळी बारामतीच्या एखाद्या शाळेची सहल भिगवणला निघाली आहे. भिगवण हे इंदापूर तालुक्यातले पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे या भागापर्यंत पसरले. या उथळ पाण्यात आणि चिखलात हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा भरते. पट्टकदंब येतात, चित्रबलाक येतात आणि सगळ्यांचे लाडके रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगोही येतात. कुंभारगावच्या काठावरून मुले होडीत बसली आहेत. रोहित पक्ष्यांचा थवा साधारण ६० मीटरवर उभा आहे. याहून जवळ होडी नेली तर पक्षी बिचकतात, म्हणून नावाड्याने वल्ही थांबवली आहेत. होडीत दुर्बीण एकच.

पहिल्या मुलाने दुर्बीण डोळ्यांना लावली. मधली चाकी फिरवता फिरवता तो एकदम ओरडला, "सर, चोच दिसली! वाकडी चोच, काळं टोक, सगळं दिसतंय!" आता शेजारच्या मुलीची पाळी. तिने दुर्बीण घेतली आणि ती हिरमुसली. "सर, यानं दुर्बीण बिघडवली. नुसते गुलाबी डाग दिसतात."

"मी काही केलं नाही. मला चांगलं दिसत होतं!"

मित्रहो, भांडण इथे थांबवू. दोघेही खरे बोलत आहेत आणि दुर्बीणही बिघडलेली नाही. मग काय झाले असेल? याचे उत्तर भिंगात आहे. ते शोधायचे तर भिंग प्रतिमा कशी तयार करते, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. शेवटी कळेल की या भांडणाचा धागा त्या मुलाच्या वर्गातल्या बाकापर्यंत जातो.

भिंग किरणांना का वळवते?

उसाने भरलेली बैलगाडी डांबरी रस्त्यावरून तिरकी उतरून मऊ रानात शिरते, तेव्हा काय होते ते आठवा. जे चाक आधी मातीत जाते त्याचा वेग कमी होतो. दुसरे चाक अजून रस्त्यावर असते, त्यामुळे ते पुढे पळते. गाडी आपोआप वळते. दोन्ही चाके एकाच वेळी मातीत गेली, म्हणजे गाडी सरळ उतरली, तर वेग कमी होतो, पण दिशा बदलत नाही.

प्रकाशाचेही तसेच आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, तर साध्या काचेत सुमारे २ लाख. म्हणून काचेत तिरका शिरणारा किरण वळतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. तुमच्या आताच्या पाठ्यपुस्तकात त्याला अपवर्तन हा शब्द आहे.

बहिर्गोल भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असते. अगदी मध्यभागी त्याचे दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ समांतर असतात, म्हणून तिथून जाणारा किरण न वळता निघून जातो. कडेकडे जावे तसतसा काचेचा आकार पाचरीसारखा होत जातो आणि किरण जाड भागाच्या, म्हणजे मध्याच्या दिशेने अधिकाधिक वळतात. परिणाम असा की दुरून समांतर येणारे सगळे किरण पलीकडे एका बिंदूत एकत्र येतात. हा बिंदू म्हणजे भिंगाची मुख्य नाभी. भिंगाच्या मध्यापासून नाभीपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. अंतर्गोल भिंग याच्या उलट वागते. ते मध्ये पातळ आणि कडेला जाड असल्याने किरणांना फाकवते.

ज्या भिंगाची जाडी त्याच्या नाभीय अंतराच्या मानाने फारच थोडी असते, त्याला पातळ भिंग म्हणतात. तिथे किरण दोन पृष्ठभागांवर दोनदा वळतो हे खरे, पण तो मधल्या एकाच रेषेवर एकदाच वळला असे धरले तरी हिशेब चुकत नाही. यामुळे आकृती काढणे फार सोपे होते.

तीन सोयीचे किरण

वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून असंख्य किरण सर्व दिशांना निघतात. त्यांतले जेवढे भिंगावर पडतात तेवढे सगळे भिंग पुन्हा एका बिंदूत गोळा करते. तो झाला प्रतिमेचा बिंदू. असे सर्व बिंदू मिळून पूर्ण प्रतिमा होते. आकृतीत मात्र आपण तीनच किरण काढतो, कारण त्यांचा मार्ग आपल्याला आधीच ठाऊक असतो.

१. मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण पलीकडच्या नाभीतून जातो.

२. भिंगाच्या प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण सरळ जातो.

३. अलीकडच्या नाभीतून येणारा किरण भिंगातून निघाल्यावर मुख्य अक्षाला समांतर जातो.

यांतले कोणतेही दोन किरण जिथे भेटतील तिथे प्रतिमा. दुसऱ्या नियमाकडे जरा लक्ष द्या. वस्तूच्या वरच्या टोकातून निघून मध्यातून सरळ जाणारा किरण पलीकडे खाली जातो आणि खालच्या टोकाचा वर जातो. म्हणून पडद्यावरची प्रतिमा उलटी पडते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरच्या चित्रांचे खेळ दाखवायला सुरुवात केली. दिवा, चित्रांकित काच आणि भिंग असे ते यंत्र होते. अशा यंत्रात काच उलटी ठेवली म्हणजे पडद्यावर चित्र सुलटे पडते!

खिडकी, भिंग आणि मोजपट्टी

आता हातात भिंग घ्या. दिवसा खोलीतल्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून पुढेमागे सरकवा. एका जागी भिंतीवर बाहेरच्या झाडाचे लहानसे, रंगीत, उलटे चित्र उमटेल. वारा आला तर त्यातली पाने हलतील! भिंतीपासून भिंगाचे अंतर मोजा. तेच जवळजवळ नाभीय अंतर. समजा ते १० सेंटिमीटर आले.

'जवळजवळ' का म्हटले? हे सूत्र पाहा:

१/प − १/व = १/न

इथे प हे प्रतिमेचे, व हे वस्तूचे भिंगापासूनचे अंतर आणि न हे नाभीय अंतर. संकेत असा की प्रकाश ज्या दिशेने जातो त्या बाजूचे अंतर धन आणि विरुद्ध बाजूचे ऋण. म्हणून वस्तूचे अंतर ऋण धरायचे. झाड २० मीटरवर असेल तर प ची किंमत १०.०५ सेंटिमीटर येते. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरचा. मोजपट्टीने तो दिसणारही नाही.

आता रात्री मेणबत्ती घ्या आणि तिचे अंतर बदलत जा. १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासाठी सूत्र असे सांगते:

मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर: प्रतिमा १५ सेंटिमीटरवर, उलटी, निम्म्या आकाराची.

मेणबत्ती २० सेंटिमीटरवर: प्रतिमाही २० सेंटिमीटरवर, उलटी, तेवढ्याच आकाराची.

मेणबत्ती १५ सेंटिमीटरवर: प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, उलटी, दुप्पट.

मेणबत्ती १० सेंटिमीटरवर: किरण समांतर निघतात, पडदा कितीही हलवला तरी प्रतिमा मिळत नाही.

मेणबत्ती ५ सेंटिमीटरवर: प चे उत्तर उणे १० येते.

या उणे चिन्हाचा अर्थ काय? प्रतिमा मेणबत्तीच्याच बाजूला आहे. भिंगातून बाहेर पडणारे किरण फाकलेलेच आहेत, ते कुठेही एकत्र येत नाहीत. पण पलीकडून डोळा लावला तर ते १० सेंटिमीटर मागून आल्यासारखे वाटतात. ही आभासी प्रतिमा. ती सुलटी आणि दुप्पट मोठी दिसते, पण पडद्यावर घेता येत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग याच तत्त्वावर चालते.

एक कडक सूचना. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहू नका. आपल्या या भिंगाने कागदावर पडणारा प्रखर ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. ती जेमतेम १ मिलिमीटर रुंद असते. भिंग ५ सेंटिमीटर रुंद असेल तर त्यावर पडलेले सगळे ऊन तेवढ्याशा जागेत, सुमारे अडीच हजार पटींहून अधिक दाट होऊन गोळा होते. वाळलेले पाचट त्याने पेटते. मग डोळ्याच्या नाजूक पडद्याचे काय होईल, याचा विचार करा.

दोन प्रश्न, जिथे बरेच जण फसतात

पहिला प्रश्न: भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर प्रतिमेचे काय होईल? उत्तर वाचण्याआधी आपला अंदाज वहीत लिहा.

'अर्धी प्रतिमा नाहीशी होईल' असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मेणबत्तीची प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधुक होते. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून येणारे किरण संपूर्ण भिंगावर पडलेले असतात. अर्धे अडले तरी उरलेले अर्धे त्याच बिंदूत जमतात. आकृतीत तीन किरण काढले म्हणून तीनच किरण असतात असे नाही!

दुसरा प्रश्न: पडदा काढून घेतला तर प्रतिमा जाते कुठे? कुठेच जात नाही. किरण त्या जागी एकत्र येतातच, तिथे पडदा असो वा नसो. बटरपेपरवर मेणबत्तीची प्रतिमा घ्या. कागदामागे, भिंगाच्या रेषेत, फूटभर अंतरावर डोळा ठेवा. आता हळूच कागद बाजूला घ्या. उलटी ज्योत हवेत लटकलेली दिसेल! पडदा प्रतिमा तयार करत नाही. तो फक्त प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून ती खोलीतल्या सगळ्यांना दिसते. ही हवेतली प्रतिमा लक्षात ठेवा, कारण दुर्बीण तिच्यावरच चालते.

रोहित किती मोठा?

परत होडीत येऊ. समजा, एक रोहित १.२ मीटर उंच आहे आणि तो ६० मीटरवर आहे. मध्यातून जाणारा सरळ किरण आठवा. त्यावरून, प्रतिमेची उंची आणि प्रतिमेचे अंतर यांचे गुणोत्तर वस्तूच्या उंची आणि अंतराच्या गुणोत्तराएवढेच असते. इथे ते १.२ भागिले ६०, म्हणजे पन्नासास एक. दूरच्या वस्तूसाठी प्रतिमेचे अंतर जवळजवळ नाभीय अंतराएवढेच असते.

मोबाईलच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर साधारण ५ मिलिमीटर धरा. प्रतिमा होईल ०.१ मिलिमीटर. म्हणूनच मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रात रोहित म्हणजे नुसता ठिपका! पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे हौशी लोक ३०० मिलिमीटरचे लांबलचक भिंग घेऊन येतात. त्यात प्रतिमा होते ६ मिलिमीटर, म्हणजे ६० पट उंच. होडी पुढे न नेता, पक्ष्याला न उडवता, भिंग आपल्याला जवळ नेते.

आता तोच छायाचित्रकार होडीतल्या, ३ मीटरवरच्या मित्राचे छायाचित्र काढू लागला तर? सूत्र सांगते की प्रतिमा ३०० ऐवजी ३३३ मिलिमीटरवर पडेल. साधे एकच भिंग असेल तर ते ३३ मिलिमीटर पुढे सरकवावे लागेल. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. कॅमेऱ्यात भिंग हलवतात ते यासाठी.

दुर्बीण आणि डोळा

दुर्बिणीच्या पुढचे मोठे भिंग दूरच्या पक्ष्याची लहान, उलटी, हवेतली प्रतिमा नळीच्या आत तयार करते. नळीतले लोलक तिला सुलटी करतात. डोळ्याजवळचे लहान भिंग, म्हणजे नेत्रिका, त्या प्रतिमेकडे घड्याळजीच्या भिंगासारखे पाहते. मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर १६० मिलिमीटर आणि नेत्रिकेचे २० असेल, तर दुर्बीण ८ पट मोठे दाखवते. ६० मीटरवरचा रोहित साडेसात मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो.

नेत्रिका नेमकी कुठे हवी? निरोगी डोळा सैल असताना दुरून येणारे समांतर किरण डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर एकत्र आणतो. डोळ्यातही प्रतिमा उलटीच पडते, हे योहान्स केप्लर यांनी १६०४ साली दाखवून दिले. तेव्हा निरोगी डोळ्यासाठी नेत्रिकेतून समांतर किरण बाहेर पडले पाहिजेत. त्यासाठी हवेतली प्रतिमा नेत्रिकेच्या बरोबर नाभीवर, २० मिलिमीटरवर हवी. त्या मुलीला नेमके हेच हवे होते.

मग त्या मुलाला चोच स्पष्ट कशी दिसली? कारण त्याचा डोळा निराळा आहे. काहींचा नेत्रगोल किंचित लांब असतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि पटलावर पोहोचेपर्यंत किरण पुन्हा फाकतात. हा लघुदृष्टीचा दोष, त्यालाच निकटदृष्टिता असेही म्हणतात. अशा डोळ्याला जवळचे छान दिसते, दूरचे पुसट. समजा त्या मुलाला ५० सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्याच्या डोळ्याला समांतर नव्हे, तर ५० सेंटिमीटरवरून फाकत आल्यासारखे किरण हवेत. चाकी फिरवून त्याने नकळत तेच केले. त्याने हवेतल्या प्रतिमेचे नेत्रिकेपासूनचे अंतर २० वरून सुमारे १९.२ मिलिमीटर केले. आकडे सूत्रात घालून तुम्ही स्वतः ताळा करून पाहा. जेमतेम पाऊण मिलिमीटरची ही सरकवासरकव! पण मुलीच्या डोळ्याला ती अडचणीची झाली. तिने चाकी थोडी फिरवली असती तर भांडण मिटले असते.

खरी गोष्ट पुढेच आहे

मित्रहो, दुर्बिणीचे कोडे सुटले. पण त्या मुलाचे काय? त्याला दुर्बिणीशिवाय तो थवा दिसतच नव्हता, फक्त पांढरट पट्टा दिसत होता. सगळ्यांना तसेच दिसते, असे त्याला वाटत होते. जन्मापासून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला कोणाला मिळते? वर्गातही फळ्यावरची अक्षरे त्याला पुसट दिसत असणार. तो शेजाऱ्याच्या वहीतून गणिते उतरवून घेत असेल आणि 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खात असेल. दोष त्याच्या लक्षाचा नाही, किरण एकत्र येण्याच्या जागेचा आहे.

उपाय सोपा आहे. असे भिंग हवे, जे दूरच्या वस्तूची आभासी प्रतिमा ५० सेंटिमीटरवर तयार करील. म्हणजे उणे ५० सेंटिमीटर नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग. मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराने १ ला भागले की भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. १ भागिले उणे ०.५ म्हणजे उणे २. चष्म्याच्या कागदावर 'उणे २ नंबर' लिहितात तो हाच. चष्म्याने डोळे आणखी बिघडतात, ही समजूत खोटी आहे.

एक परीक्षा तुम्ही वर्गात करू शकता. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला टाचणीने साधारण १ मिलिमीटरचे भोक पाडा. मागच्या बाकावर बसून एक डोळा झाका आणि दुसऱ्याने भोकातून फळ्याकडे पाहा. एरवी पुसट दिसणारे अक्षर भोकातून स्पष्ट झाले, तर चष्म्याचा नंबर असण्याची शक्यता मोठी. लहान भोकातून बारीकशीच किरणशलाका आत जाते, त्यामुळे किरण फाकायला वाव मिळत नाही. डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणारी मुले नकळत हेच करत असतात. मात्र नेमका नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांनीच काढायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली सुरू झाला, शाळेतल्या मुलांच्या दृष्टीची तपासणीही धरलेली आहे. तपासणीचे पथक शाळेत येईल त्या दिवशी गैरहजर राहू नका.

शिक्षक मित्रांना एक विनंती. भिंगांचा धडा ज्या आठवड्यात शिकवाल, त्याच आठवड्यात हा पुठ्ठा वर्गात एकेकाच्या हाती द्या. परीक्षेत भिंगाची आकृती बरोबर काढणारे अनेक निघतील. पण त्याच धड्यामुळे मागच्या बाकावरच्या एखाद्याला फळा पहिल्यांदा स्पष्ट दिसला, तर शिकवल्याचे सार्थक झाले असे समजायला हरकत नाही.